सुमंगली नावाची नोकरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लग्नानंतरची सारी वर्षे चूल व मूल ह्यांतच गेली. तरीही यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, “तुमचा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, तेव्हा वर्धापनदिनाला कापडाविषयी तुम्हीच चार शब्द बोला.” मी म्हटले, बरे आहे, सुती कोणते, मिसळीचे कोणते, रंग जाणारे पातळ कसे ओळखावे, असे काहीतरी सांगू. म्हणून मुलीला घेऊन टिपण करायला बसले. ती कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “आई, कापडाची गोष्ट सुतापासून सुरू करायची ना? मग सूत कोण काढतं, ते तुला ठाऊक आहे का?” आयुष्यभर सूत हाताळलेल्या मला ह्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मग तिने जे वाचून दाखवले ते ऐकल्यावर पातळांचा विषय मी बाजूला ठेवला. आज सांगणार आहे ते जरा कडू आहे. आनंदाच्या दिवशी कडू कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु पाडव्याला आपण आधी कडुनिंबच खातो ना?

सुरुवात माझ्या घरापासून करते. आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला तो १९०४ साली. तेव्हापासून ह्या गावाचे पोट मागावर चालते. माझे वडीलही मागावरचेच. मालक नव्हेत, कामगार. चार माग चालवायचे, बारा तासांची पाळी, आणि आठवड्याला खर्ची. मी सातवी पास झाले ते साल १९९४. त्याच उन्हाळ्यात आईचे पोटाचे ऑपरेशन निघाले आणि वडिलांनी मालकांकडून पाच हजारांची उचल घेतली. मालक म्हणाले, “पोरगी घरीच हाय, तर कांड्या भराय येऊ दे. तेवढीच लवकर फिटंल.” ह्यात काही वाईट आहे असे कुणालाच वाटले नाही, मलासुद्धा नाही. जूनमध्ये माझ्या मैत्रिणी हायस्कुलात गेल्या आणि मी शेडमध्ये गेले. वय तेरा.

ज्या सुना बाहेरगावाहून आल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या कोनावरचे सूत यंत्रावर लहान कांडीवर भरायचे. ती कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळतो. कांडी काही मिनिटांत संपते. माग थांबला तर विणकराची मजुरी बुडते, म्हणून कांडीवालीने थांबायचे नाही. सूत बोटांवरून धावून धावून बोटाला चरा पडे. रात्री भाकरीचे पीठ मळताना तो झोंबे. केसांत, भुवयांत रुई बसे. मागांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून आम्ही खुणांनी बोलत असू. घरीसुद्धा मी खुणाच करू लागले तेव्हा आई एकदा रडली होती.

पाच हजार वर्षभरात फिटतील असा वडिलांचा हिशेब होता. पण खर्चीतून शंभर कापले की घरात तेवढेच कमी पडत, आणि दिवाळीला पुन्हा हात पसरावा लागे. वर्षाची सहा वर्षे झाली. मग माझे लग्न ठरले. त्या खर्चासाठी वडिलांनी त्याच मालकांकडून आणखी उचल घेतली आणि ती फेडायला माझा धाकटा भाऊ शेडमध्ये गेला. मालक दुष्ट नव्हते. लग्नाला आले, मला पातळ दिले, “पोरीसारखी हाय” म्हणाले. म्हणूनच ह्यात काय चुकत होते ते कळायला मला इतकी वर्षे लागली.

आता त्या कोनाचे सांगते. शाळा सुटल्यावर वाचायला काही उरले नव्हते, तेव्हा मी पुठ्ठ्याच्या कोनावरची आणि सुताच्या बाचक्यावरची अक्षरे वाचत असे. इंग्रजीची ओळख पाचवी ते सातवी एवढीच. एका बाचक्यावर गावाचे नाव होते, ते जुळवता जुळवता दोन दिवस गेले. दिवाणजींना विचारले तेव्हा ते म्हणाले, “कोइमतूर. लांब, मद्रासकडं.” आपल्याकडे दक्षिणेतले सूत पुष्कळ येते, हे तुम्ही जाणताच. मला वाटे, तिकडे मोठमोठी यंत्रे असतील आणि सूत आपोआप निघत असेल. त्या यंत्रापाशी कोण उभे असेल, हा विचार मनात आला नाही.

त्या यंत्रांपाशी मुलीच उभ्या होत्या.

तमिळनाडूत कोइमतूर, तिरुपूर, इरोड, दिंडीगुल ह्या भागांत सूतगिरण्या शेकड्यांनी आहेत. १९९० च्या पुढे तेथील अनेक गिरण्यांत एक पद्धत पसरत गेली. तिला ‘सुमंगली तिट्टम’ म्हणत. तिट्टम म्हणजे योजना. सुमंगली म्हणजे काय, हे हळदीकुंकू करणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. आपण सुवासिनी म्हणतो तीच. गिरणीचे दलाल खेडोपाडी फिरत आणि लग्नाच्या वयाला येणाऱ्या मुलींची घरे हेरत. बहुतेक घरे दलितांची, भूमिहीन मजुरांची. आईबापांना सांगत, “तुमची मुलगी तीन वर्षे आमच्याकडे द्या. राहायला वसतिगृह आहे, जेवण आहे, बाहेरचा वारा लागणार नाही. तीन वर्षे पुरी झाली की लग्नासाठी एकरकमी पैसे मिळतील.” दलालाला मुलीमागे पैसे मिळत. एकरकमी म्हणजे किती? साधारण ३० ते ५० हजार रुपये. ज्या बापाला हुंड्याची चिंता आहे त्याला हे देवाने धाडलेले वाटले तर नवल नाही.

ह्या मुलींविषयी नेदरलंड्समधील दोन संस्थांनी चौकशी करून २०११ साली आणि पुन्हा २०१४ साली मोठे अहवाल काढले. तेथील दुकानांत ह्या सुताचे कपडे विकले जातात, म्हणून त्यांनी ती विचारपूस केली. आपण तेच सूत रोज हाताळतो, पण आपण कधी विचारले नाही.

त्या अहवालांतले थोडे सांगते. कित्येक मुली अठराच्या आतल्या. बारा तासांची पाळी, प्रसंगी रात्रीचीही. साच्यापुढे फेऱ्या मारायच्या, तुटलेला धागा पकडून जोडायचा, भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या. धागा तुटू नये म्हणून हवा दमट आणि गरम ठेवलेली असते. कापसाची धूळ छातीत जाते. वसतिगृहाच्या फाटकावर पहारा. बाजारात जायचे तर क्वचित, तेही घोळक्याने आणि सोबत पहारेकरी. जवळ फोन ठेवायला बंदी. घरच्यांची भेट ठरलेल्या दिवशी. आणि तीन वर्षांच्या आत आजारी पडून किंवा कंटाळून मुलगी घरी गेली, तर पुष्कळ ठिकाणी ती एकरकमी रक्कम बुडे.

बायांनो, ही रक्कम म्हणजे काही गिरणीने दिलेला आहेर नव्हता. मुलीच्या रोजच्या मजुरीतला मागे ठेवलेला भागच तो. तिचेच पैसे तिला लग्नाचे म्हणून दाखवायचे आणि तेवढ्यासाठी तिने तीन वर्षे फाटकाच्या आत राहायचे.

हे वाचताना मुलगी थांबली आणि म्हणाली, “आई, तुझ्या उचलीसारखंच आहे की.” मी म्हटले, “उलट आहे. मला पैसे आधी दिले होते. त्यांना नंतर द्यायचे होते.” मग रात्री पडल्या पडल्या विचार केला, तेव्हा कळले की मुलीचेच खरे. पैसे आधी द्या किंवा नंतर द्या. मधल्या काळात मुलीला ‘मी उद्यापासून येत नाही’ असे म्हणता येत नाही. माझ्या कामाला कुणी काठी घेऊन उभे नव्हते. पण सोडून जाण्याची सोय नव्हती. आणि ज्या कामातून उठून जाता येत नाही, त्याला दुसरे नाव काय द्यायचे?

कायद्याने ते नाव दिलेले आहे. आपल्या घटनेच्या २३ व्या कलमात वेठबिगार आणि जबरीचे काम ह्यांना मनाई आहे. दिल्लीत १९८२ साली आशियाई खेळांची मैदाने बांधणाऱ्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे जबरीचे काम, असे न्यायालयाने तेव्हा ठरवले. भूक आणि गरिबी ह्यांनी माणूस लाचार होतो, तीही जबरीच. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द होते. त्याच्याही पूर्वी, इंग्रजी अमलात, अमृतसरच्या गालिच्यांच्या कारखान्यांत आईबाप मुलांना उचलीपोटी गहाण टाकतात असे सरकारी चौकशीत दिसून आले, तेव्हा मुलांचे श्रम गहाण टाकण्यास बंदी करणारा कायदा १९३३ साली झाला होता. ‘गहाण’ हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आम्ही त्याला उचल म्हणत होतो.

पोरांना कामाला जुंपणे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत लहान पोरे बॉबिनी बदलायला ठेवत. १८८१ साली पहिला कारखान्यांचा कायदा आला. त्याने सात वर्षांच्या आतल्या पोरांना मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या पोरांचे काम नऊ तासांवर आणले. म्हणजे सात वर्षांच्या लेकराने नऊ तास काम करणे कायद्यात बसत होते! पुढे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली, हजारो माणसे जमली. त्या सभेत दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, हजारो पुरुषांसमोर, गिरणीत राबणाऱ्या दोन बायका! आज तुमच्यासमोर बोलताना माझे पाय लटपटत होते, तेव्हा मी त्यांचीच आठवण केली.

दक्षिणेतल्या बायकाही गप्प बसलेल्या नाहीत. तमिळनाडूच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत मासिक पाळीत पोट दुखणाऱ्या मुलींना कसल्या हे न सांगता गोळ्या देतात, म्हणजे सुट्टी मागायला नको, हे २०१९ साली एका वृत्तसंस्थेने बायकांना विचारून उजेडात आणले. २०२१ च्या जानेवारीत दिंडीगुल भागातल्या एका कारखान्यातील तरुण दलित मुलीचा खून झाला. तेव्हा तेथील बायकांची संघटना उभी ठाकली. तिच्या पुढारी दलित बायकाच आहेत. २०२२ साली त्यांनी कारखान्याकडून आणि परदेशी कापड-कंपन्यांकडून लेखी करार करून घेतला. बायकांना त्रास झाल्यास तक्रार कुठे करायची, ती कशी तपासायची, हे त्यात ठरले आहे. त्याला दिंडीगुलचा करार म्हणतात.

सुमंगली हे नाव आता बदनाम झाले आहे, म्हणून ते फारसे पुढे करत नाहीत. परंतु वसतिगृहात ठेवून काम करून घेण्याची रीत राहिली आहे, आणि आता ओडिशा, झारखंड, बिहारकडच्या मुलीही तेथे जातात.

मागच्या आठवड्यात हे मी आपल्यातल्या एका वहिनींना सांगितले, तर त्या म्हणाल्या, “मग ते सूत घ्यायचंच नाही काय? आपली शेडं बंद पडतील.” मी तसे म्हणत नाही. ते काम गेले तर त्या मुली खायच्या काय? कामावर जाणारी मुलगी चार पैसे मिळवते, चार माणसे ओळखते. त्यात वाईट काही नाही. वय पूर्ण झालेले असावे, मजुरी दर महिन्याला तिच्या हातात पडावी, फाटक तिला उघडे असावे, आणि नको वाटले तर झालेल्या दिवसांचे पैसे घेऊन तिला घरी जाता यावे, एवढेच मागणे आहे. गिरणीला हे अवघड नाही. फक्त त्यामुळे सूत थोडे महाग पडेल. आपण मात्र दुकानात स्वस्तात स्वस्त तेच मागतो. तो दोन रुपयांचा फरक कुणाच्या अंगातून निघतो, हे एकदा मनात आणावे.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हे बोलण्याचा मला हक्क नाही.

२०२० साली टाळेबंदी झाली आणि माग बंद पडले. माझे यजमान सायझिंगमध्ये कामाला. चार महिने घरात पैसा नाही. काम सुरू झाले तेव्हा त्यांनी उचल घेतली. भाडे आणि किराणा ह्यांतच ती गेली. मुलगी नववीत. शाळा फोनवर, आणि घरात एकच फोन, त्यात पैसे भरलेले नसत. मी मेंडिंगला जात होते. ताग्यातल्या गाठी आणि तुटके धागे चिमट्याने काढायचे. तिलाही सोबत नेऊ लागले. तिची नजर तेज, माझ्यापेक्षा तिचे तागे जास्त होत. मला त्याचे कौतुकच वाटे. मग शाळा उघडली, तेव्हा मी तिला म्हटले, “एवढं वर्ष राहू दे. पुढच्या वर्षी जा.” तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “आई, आजोबांची उचल अजून फिटली नाही का गं?”

मी काही बोलले नाही. तशीच उठून बाहेर ओट्यावर बसले. त्याच संध्याकाळी आपल्या मंडळाच्या खजिनदारबाई भिशीचे विचारायला आल्या. माझे तोंड बघून त्यांनी खोदून खोदून विचारले. दुसऱ्या दिवशी पाच जणींशी बोलून त्यांनी भिशीतले आठ हजार माझ्या हातावर ठेवले. व्याज नाही, कागद नाही. म्हणाल्या, “जमेल तसे द्या. पण पोरगी सोमवारी शाळेत दिसली पाहिजे.” ते पैसे फेडायला मला चौदा महिने लागले. मुलगी सोमवारी शाळेत गेली. आज हे टिपण तिने लिहून दिले आहे.

माझ्या वडिलांना १९९४ साली अशी भिशी मिळाली असती तर, असे मला पुष्कळदा वाटते. बँक त्यांना दारात उभी करत नव्हती, नातेवाईक आमच्यासारखेच. मालकाखेरीज त्यांना दुसरे दार नव्हते. उचलीची दोरी तेथेच सुरू होते. तिच्या दुसऱ्या टोकाला लग्नाचा खर्च असतो. हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, पण मानपान, जेवणावळ आणि सोने ह्यांच्या नावाने तो चालूच आहे. सुमंगलीच्या दलालाला खेड्यात पाय ठेवायला जागा कुणी दिली? आपल्यासारख्याच बायकांनी, ज्या मुलगी दहावीत गेली की तिच्या आईला विचारतात, “पोरीचं काय बघितलं का नाही?”

म्हणून वर्धापनदिनानिमित्त मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. आपण सभासद बहात्तर आहोत. दरमहा प्रत्येकीने वीस रुपये वेगळे काढले तर महिन्याचे १४४० होतात आणि वर्षाचे १७ हजार २८० होतात. ते फक्त शाळेसाठी ठेवावेत. ज्या घरावर उचल घेण्याची वेळ येईल आणि मुलाची किंवा मुलीची शाळा सुटायची भीती असेल, त्या घरी ते बिनव्याजी जावेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या लुटतो. एक वर्ष ते वाण ह्या पेटीत टाकू या.

दुसरी. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि अठराच्या आत धोक्याच्या कामावर ठेवणेही. घरच्या कामात हात लावायला मुभा आहे, पण ती शाळा सांभाळून आणि काम धोक्याचे नसेल तर. आपल्या गल्लीत कुणाचे दप्तर खुंटीला लागलेले दिसले तर आधी त्या घरी जाऊन बसावे, चहा घ्यावा, अडचण विचारावी. मूल कुठे अडकवून ठेवले असेल तर १०९८ ह्या नंबरवर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

तिसरी विनंती साधी आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या आईला ‘लग्नाचं काय’ असे विचारू नये. त्याऐवजी ‘कितवीत आहे’ एवढेच विचारावे.

माझ्या बोटावरचा चरा आता बुजला आहे. पण पातळाच्या दुकानात गेले की हात आपोआप कापडावरून फिरतो आणि एखादी गाठ लागते. पूर्वी मी म्हणे, मेंडिंग नीट झाले नाही. आता मनात येते, हा धागा तुटला असेल तेव्हा कोणीतरी मुलीने तो धावत जाऊन जोडला असेल. ती तीन वर्षांनी घरी गेली का, तिचे पैसे तिला मिळाले का, कोण जाणे. तिचे नाव मला माहीत नाही. पण कोइमतूरच्या सुताने आम्ही दोघी एकमेकींना बांधलेल्या होतो, हे आता माहीत आहे.